भाऊ शिकवतोय, मग क्लास कशाला?

प्रश्न : मी चौतीस वर्षांची आहे. नोकरीच्या वेळा बदलल्या म्हणून मोटारसायकल शिकायला घेतली. धाकटा भाऊ दर रविवारी मोकळ्या मैदानात शिकवतो. क्लच सोडणं जमायला लागलंय, गिअर पडतात, सरळ रस्त्यावर गाडी नीट चालते. पण परवा वळताना अचानक कुत्रं आडवं आलं, मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी एका अंगावर कोसळली. गुडघा खरचटला, बाकी काही झालं नाही. भाऊ म्हणाला, "पुढच्या ब्रेकला हातच लावायचा नाही." तेव्हापासून गाडीजवळ जायचं म्हटलं तरी पोटात गोळा येतो. रीतसर प्रशिक्षण घ्यावं असं मला वाटतंय. भाऊ म्हणतो, "मला कोण शिकवायला आलं होतं? दहा वर्षं चालवतोय. सगळं सवयीने येतं, पैसे कशाला घालवतेस?" नवरा म्हणतो, गिअरचा नादच सोड आणि स्कूटर घे. काय करू? की माझं शिकायचं वय उलटून गेलंय?

उत्तर : क्लास लावा. आणि क्लास सुरू होईपर्यंत भावाचा तो ब्रेकचा नियम डोक्यातून काढून टाका. तुमच्या सगळ्या पत्रात मला काळजी वाटली ती त्या एका वाक्याची.

तुम्ही पडलात ते नुसत्या पुढच्या ब्रेकमुळे नाही, हँडल वळलेलं असताना तो दाबल्यामुळे. गाडी सावकाश होती, हँडल एका बाजूला वळलेलं होतं आणि त्याच क्षणी पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. अशा वेळी गाडीचं सगळं वजन हँडल वळलेल्या बाजूला कलंडतं. वेग असता तर गाडी थोडीफार तोलून धरली गेली असती, पण वेगच नव्हता, आणि पाय टेकवेपर्यंत गाडी आपल्याला पेलवण्यापलीकडे झुकलेली असते. अगदी हळू वळत असताना थांबायची वेळ आली तर क्लच आत घ्यायचा, मागचा ब्रेक हलकेच दाबायचा आणि जमेल तेवढं हँडल सरळ करून थांबायचं. मैदानात शिकताना होणाऱ्या पडापडीत हा प्रकार नेहमीचा आहे. मी बरीच वर्षं नवशिक्यांना शिकवते आहे आणि उत्तम चालवणारी माणसंही सुरुवातीला अशी पडलेली पाहिली आहेत.

तुमच्या भावाने डोळ्यांनी पाहिलं ते खरंच होतं. त्यावरून त्याने जो नियम काढला तो मात्र घातक आहे. सरळ रस्त्यावर वेगात असताना जोरात ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे जातं. पुढचे शॉकअप खाली दबतात, पुढचं टायर रस्त्याला घट्ट चिकटतं आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या झालेल्या चाकाला ब्रेक लावून काय मिळणार? ते लॉक होतं, म्हणजे फिरायचं थांबतं, घसरतं, गाडीचा मागचा भाग डावीउजवीकडे सरकायला लागतो आणि गाडी पुढे जातच राहते. कोरड्या रस्त्यावर जोरात थांबताना थांबवण्याचं सुमारे 70 टक्के काम, कधी त्याहूनही जास्त, पुढचा ब्रेक करतो. नुसत्या मागच्या ब्रेकवर थांबायला लागणारं अंतर दुपटीच्या आसपास जातं. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाताना गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढे जाते. हे 17 मीटर तर नुसतं 'अरे, काहीतरी आलं' हे कळून हात ब्रेककडे जाईपर्यंतच संपतात. वेग दीडपट झाला, म्हणजे 40 चा 60 झाला, की त्यानंतरचं ब्रेकचं अंतर सव्वादोनपट होतं. पुढच्या ब्रेकला हात न लावण्याची सवय अंगात मुरलेला माणूस या अंतरात काय करेल, विचार करा.

ही सवय माझ्या कल्पनेतली नाही. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्याचा अहवाल 1981 साली आला. अहवाल जुना आहे, तेव्हाच्या गाड्यांना आजच्यासारखे ब्रेक नव्हते, पण गाडी चालवणारा माणूस तोच आहे. ऐनवेळी चालकांनी काय केलं? मागचं चाक लॉक होऊन घसरेपर्यंत मागचा ब्रेक दाबला, आणि पुढचा ब्रेक हवा तेवढा वापरलाच नाही. धोका दिसल्यापासून धडक होईपर्यंत हातात असलेला वेळ साधारणपणे दोन सेकंदांपेक्षा कमी होता. आणि तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे त्या अपघातांतल्या 92 टक्के चालकांनी कुठलंही प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं. ते स्वतःचं स्वतः तरी शिकले होते, नाहीतर घरच्यांकडून किंवा मित्रांकडून.

आता भावाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी अपघात न झालेल्यांपैकीही बहुतेकजण असेच शिकलेले असणार, त्यामुळे या आकड्यावरून घरी शिकलेला प्रत्येकजण धडकणारच असं होत नाही. तुमचा भाऊ दहा वर्षं चालवतोय म्हणजे त्याच्या अंगात पुष्कळ काही आहे. अडचण वेगळीच आहे. आपण काय करतो हे त्याला सांगता येत नाही, कारण त्याचं त्यालाच ते माहीत नाही.

हँडलचंच घ्या. भावाला विचारा, वेगात असताना उजवीकडे वळायचं तर हँडल कुठे न्यायचं? तो म्हणेल, उजवीकडे, दुसरं कुठे! सायकल चालवायच्या वेगात ते बरोबर आहे. पण वेग वाढला की उजवीकडे वळण्यासाठी हँडलचा उजवा भाग हलकेच पुढे ढकलावा लागतो, म्हणजे चाक क्षणभर डावीकडे जातं, गाडी उजवीकडे झुकते आणि मग वळते. तुमचा भाऊ हे रोज करतो. त्याच्या हातांना ते ठाऊक आहे. पण तुम्ही विचारलंत तर तो तुम्हाला उलटं सांगेल. आणि समोर अचानक गाडी आली, आपणही घाबरलो, की हात नकळत करत असलेली गोष्ट विसरतात आणि डोक्यात असलेली चुकीची गोष्ट करायला जातात. हर्ट यांच्या अहवालात हेही नोंदवलं आहे की हँडल असं ढकलून अडथळा चुकवण्याचं कसब त्या चालकांमध्ये जवळपास नव्हतंच. चांगल्या क्लासमध्ये हे मैदानावर, शंकू मांडून, आधी कमी वेगात आणि मग थोड्या जास्त वेगात करून घेतात. एकदा हाताला समजलं की शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते लगेच दिसतं.

ब्रेकचंही तसंच. 'दाबू नकोस' असं सांगून ब्रेक शिकवता येत नाही, तो शंभरदा दाबूनच शिकावा लागतो. आमच्याकडे पहिल्यांदा हा सराव करताना माणसं चार बोटांनी लिव्हर एकदम मुठीत आवळतात. गाडी गचका देते, पुढे वाकते, माणूस टाकीवर आदळतो. मग सांगावं लागतं की आधी लिव्हरची ढिलाई काढा, ब्रेक नुकता धरू लागल्याचं बोटांना जाणवू द्या, पुढचे शॉकअप खाली बसू द्या, आणि मग दाब वाढवत न्या. हे सगळं एका सेकंदाच्या आत, पण या क्रमाने. चाकावर वजन यायच्या आधी दाबलं तर चाक घसरतं, वजन आल्यावर दाबलं तर तेच चाक तुम्हाला थांबवतं. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची म्हणजे अंगाचा भार हातांवर येत नाही. नजर समोर लांब ठेवायची. पहिल्या सरावात आणि शेवटच्या सरावात थांबायच्या जागेत जो फरक पडतो तो बघून शिकणाऱ्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटतं. रस्त्यावर हा सराव करायला कोणी जागा देत नाही, आणि दिली तरी मागून येणाऱ्या गाड्या थांबत नाहीत. तुमच्या नव्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक फिरतं ठेवणारी यंत्रणा, असेल तर चाक लॉक होण्याची भीती बरीच कमी होते, पण गाडी खूप झुकलेली असताना जोरात ब्रेक लावला तर साधं एबीएस तुम्हाला वाचवेलच असं नाही. आणि ऐनवेळी पूर्ण जोराने दाबायचं धाडस तर आधी सराव केल्याशिवाय येतच नाही.

नजरेबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. गाडी आपण जिकडे बघतो तिकडे जाते. खड्डा दिसला की नवीन माणसाची नजर खड्ड्याला चिकटते आणि गाडी बरोब्बर खड्ड्यातच जाते. शंकूंमधून यू-टर्न घेताना मी पाहते, माणूस पुढच्या चाकाकडे किंवा जवळच्या शंकूकडे बघत असतो आणि पाय टेकवतो. मान फिरवून जिथे पोचायचं आहे तिथे बघायला सांगितलं की तीच गाडी, तीच जागा, तोच माणूस, आणि वळण पार पडतं. हे वाचून कळतं, पण वेळ आली की सुचत नाही. शेजारी उभं राहून 'मान वर, मान वर' म्हणणारं कोणीतरी लागतं.

वेगाला घाबरणारे लोक सहसा हळू चालवण्याला सोपं समजतात. तुमच्या पडण्यावरून तुम्हाला आता माहीत आहे की तसं नाही. जपानमध्ये मोटारसायकलच्या परीक्षेत 15 मीटर लांब, 30 सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून 5 सेंटिमीटर उंच अशा पट्टीवरून गाडी न्यावी लागते. मधल्या वर्गाच्या गाड्यांसाठी ती किमान 7 सेकंदांत पार करायची असते, मोठ्या गाड्यांसाठी किमान 10 सेकंदांत. लवकर पोचलात तर गुण जातात. हाफ क्लच म्हणजे अर्धवट सोडलेला क्लच, थोडी रेस आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय, हे तिन्ही एकत्र सांभाळता आलं तरच ते जमतं. गर्दीतल्या रस्त्यावर रोज लागणारं कसब हेच आहे. ब्रिटनमध्ये 1990 पासून नवशिक्याला एकट्याने रस्त्यावर यायच्या आधी एक मूलभूत प्रशिक्षण सक्तीचं आहे. त्यात आधी मैदान आणि मग प्रशिक्षकासोबत किमान दोन तास प्रत्यक्ष रस्ता असतो, प्रशिक्षक मागून येत रेडिओवरून बोलत असतो. या व्यवस्था बघितल्या की एक गोष्ट लक्षात येते. मैदान ही सुरुवात आहे, खरी परीक्षा रहदारीची आहे, आणि ती पहिल्यांदा देताना कोणीतरी सोबत असावं लागतं.

रहदारीत तर वेगळंच बघायला शिकावं लागतं. हर्ट यांच्या अभ्यासात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश वेळा वाट सोडायला हवी होती ती दुसऱ्या वाहनाने, आणि त्याने सोडली नाही. बहुतेकांना मोटारसायकल दिसलीच नव्हती, किंवा दिसली तेव्हा उशीर झाला होता. म्हणून चांगला प्रशिक्षक तुम्हाला सतत विचारत राहतो. ती गाडी काय करेल असं वाटतं? तिचं पुढचं चाक वळतंय का? तिच्या आरशात तुम्हाला तिच्या चालकाचं तोंड दिसतंय का? नसेल दिसत तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. भाऊ मागे बसून हे शिकवू शकत नाही. गाडी चालवताना आपण काय बघितलं हे त्याचं त्याला कळायच्या आधीच त्याचा ब्रेकवरचा हात सज्ज झालेला असतो.

आता प्रशिक्षणाची बाजू मांडताना मी एक गोष्ट लपवू इच्छित नाही. प्रशिक्षण घेतल्याने अपघात नक्की कमी होतात असं आकड्यांनी सिद्ध झालेलं नाही. मोटारसायकल प्रशिक्षणावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणारा, कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा आढावा 2010 मध्ये आला. अभ्यासांचा दर्जा इतका कमी-जास्त होता की ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. मला यात नवल वाटत नाही. प्रत्येक ठिकाणचा क्लास वेगळा, कुठे दोन तास गाडी फिरवून प्रमाणपत्र हातात ठेवतात, कुठे मनापासून शिकवतात, त्यांची सरासरी काढून काय कळणार? आणखी एक धोका खरा आहे. घसरड्या जागेवर गाडी सावरायच्या कसरती थोड्या शिकून आलेला माणूस कधी कधी आधीपेक्षा जास्त वेगाने जायला लागतो, कारण त्याला वाटतं आता मला येतं. म्हणून क्लास निवडताना त्यात काय शिकवतात हे बघा, नाव आणि जाहिरात बाजूला ठेवा.

जाऊन विचारा : एका प्रशिक्षकाकडे एका वेळी किती जण असतात? शिकायला त्यांची हलकी गाडी मिळते का? आपली स्वतःची नवी गाडी घेऊन पडायची भीती असली की हात आखडतो. आपत्कालीन ब्रेक प्रत्यक्ष करून घेतात की फक्त फळ्यावर सांगतात? यू-टर्न, शंकूंमधून हळू जाणं, अडथळा चुकवणं हे होतं का? शेवटी रहदारीत नेतात का? एखादी बॅच चालू असेल तर बाजूला उभं राहून अर्धा तास बघू द्या म्हणावं. पडलेल्या माणसाशी प्रशिक्षक कसा वागतो एवढं बघितलं तरी पुरे. ओरडणारा असेल तर पैसे दिलेले नसतानाच परत फिरा. हेल्मेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट पहिल्या दिवसापासून लागतील. हेल्मेटने जीव जायची शक्यता सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याला इजा व्हायची शक्यता सुमारे 69 टक्क्यांनी कमी होते, हे मात्र पुराव्यानिशी सांगता येतं. हनुवटीखालचा पट्टा नीट आवळला नाही तर ते डोक्यावर राहणारच नाही.

नवऱ्याच्या सूचनेबद्दल. स्कूटर वाईट नाही, तुमच्या कामाला पुरत असेल तर जरूर घ्या. पण गाडी सोपी केल्याने ब्रेक, नजर आणि रहदारी सोपी होत नाही. स्कूटर घेतलीत तरी क्लास हवाच. आणि तुम्हाला मोटारसायकल शिकायची आहे, असं तुमच्या पत्रात स्पष्ट दिसतं.

वयाचं मनावर घेऊ नका. चौतिशीतली माणसं पटकन शिकतात, कारण ती प्रश्न विचारतात आणि थोडं घाबरतात. विशीतल्या मुलांना घाबरवायला मला जास्त वेळ लागतो.

भावाला दुखवू नका. त्याने तुमच्यासाठी रविवार घालवले आहेत, ते फुकट गेलेले नाहीत. क्लच आणि गिअरची ओळख झालेली असल्याने क्लासमध्ये तुम्ही दोन पावलं पुढे असाल. त्याला एखाद्या दिवशी सोबत घेऊन जा. दहा वर्षं चालवणाऱ्याला ताशी 40 वरून किती मीटरमध्ये थांबता येतं हे मोजून बघायला तो कदाचित स्वतःहून गाडीवर बसेल. क्लास झाल्यावरही तो लागणारच आहे. पहिले काही महिने सर्वांत जोखमीचे असतात. अपघात झालेल्या चालकांपैकी निम्म्याहून अधिकांची ती गाडी हातात येऊन पाच महिनेही झालेले नव्हते, हेही त्याच अहवालात आहे. त्या काळात मागे कोणाला बसवू नका, पावसात आणि रात्री मुद्दाम निघू नका, रोजचाच ओळखीचा रस्ता घ्या आणि भावाला त्याच्या गाडीवरून थोडं मागून यायला सांगा. घरी आल्यावर काय दिसलं ते त्याने सांगावं, रस्त्यात ओरडू नये.

क्लास सुरू होईपर्यंत मैदानात एवढंच करा. गाडी बंद ठेवून, बाजूला उभं राहून, हँडल धरून ती थोडी ढकलत फिरवा. वजन कुठल्या क्षणी हाताबाहेर जातं ते अंगाला कळू द्या. मग बसून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवत, फक्त क्लचवर दहा-पंधरा मीटर जा आणि हँडल सरळ असताना दोन बोटांनी पुढचा ब्रेक हळूहळू दाबत थांबा. पुन्हा जा, पुन्हा थांबा. पुढचे शॉकअप खाली बसल्याचं दर वेळी तुम्हाला जाणवायला लागलं, की क्लासच्या पहिल्या दिवसाची तुमची तयारी झाली.